मालव्याची रात्र

काल रात्री दीड वाजता सासूबाई गच्चीवरून उशी काखेत घेऊन खाली आल्या. "फरशी अजून तापलेलीच आहे गं." त्या इंदूरच्या रामबागेतल्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा मे महिन्यातही पहाटे गोधडी ओढायला लागायची, असं नेहमी सांगतात. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची गार रात्र, म्हणून ज्या रात्रींचं सगळीकडे कौतुक व्हायचं, त्याच आता निवत नाहीत.

जमीन दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता वर सोडते. हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड ती अडवून धरतो, त्यात आपलं इंदूरभर पसरलेलं काँक्रीट. रात्री शरीराला उसंत मिळाली नाही की हृदयावर ताण येतो, म्हाताऱ्यांच्या तर जास्तच.

सकाळी कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्या भैयांकडे साड्या द्यायला गेले. हातगाडीवर कोळशाची इस्त्री, मानेवर घामोळं फुटलेलं. म्हणाले, "दीदी, ग्यारह के बाद खड़ा नहीं हुआ जाता." म्हणजे दुपारची कमाई गेली. आमच्याकडे निदान कूलर आहे. त्यांची टिनाच्या छपराची खोली रात्री कशी असेल, हे दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

'पग पग रोटी, डग डग नीर' म्हणवणारा हा मालवा. इंदूरचं पाणी 1978 पासून जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, नर्मदेतून वर चढवून आणावं लागतं. त्याच पाण्याचा माठ भरून संध्याकाळी भैयांच्या गाडीजवळ ठेवून आले. सासूबाईंची गादी आज हॉलमध्ये घातली आहे.