तुम्ही विचारलंत म्हणून: फुलपाखरं, पक्षी यावेत म्हणून काय लावू?

बाग बघायला आलेलं कुणीही हमखास विचारतं, आमच्याकडे पण फुलं भरपूर आहेत मग फुलपाखरं, पक्षी का थांबत नाहीत, अजून काय लावू? माझं म्हणणं एकच, आधी फवारणी बंद करा आणि पानं कुरतडलेली दिसली तरी चालेल असं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कारण फुलं ही फक्त पूर्ण वाढलेल्या फुलपाखराची सोय झाली. अंडी घालायला त्याला ठराविक झाडच लागतं, भलत्या झाडावर त्याची अळी उपाशी मरते. कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय, रुईवर प्लेन टायगर (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका), पानफुटीवर रेड पियरो ही फुलपाखरं अंडी घालतात. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर प्लीज झटकू नका, ती अळीच असू शकते, लहान असताना ती तशीच दिसते म्हणून पक्षी तिला सोडून देतात, मग मोठी झाली की हिरवीगार होते.

आता सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत, बऱ्याच जणी पक्ष्यांच्या पोटात जातात, पण तेच तर हवंय ना! चिमणी स्वतः दाणे खाते पण पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवते, शिंजीर (सनबर्ड) एवढा मध पिणारा पण तोही पिल्लांसाठी कोळी नि किडे शोधत फिरतो. म्हणजे आपण दाणे ठेवले आणि बागेतला एकेक किडा मारला तर पक्षी येतील, खातील, जातील, इथे पिल्लं कशाच्या जोरावर वाढवणार? माव्याचंही (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) तेच, लेडीबग (ठिपक्यांचा छोटा भुंगा) येऊन तो खाते पण तिला जरा वेळ द्यावा लागतो, औषध मारलं की दोघंही मरतात आणि मावा आधी परत येतो.

गुलाबाच्या पानाच्या कडेला गोल गोल कापलेलं दिसलं तर तो रोग नाही, एक जातीची मधमाशी तो तुकडा घरट्यात अस्तर म्हणून नेते. बऱ्याचशा एकट्या राहणाऱ्या मधमाश्या तर जमिनीतच बिळं करतात, म्हणून एखादा कोपरा फरशी न घालता मोकळा ठेवा, पालापाचोळाही तिथेच राहू दे.

पाणी उथळ भांड्यात, आत दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. दर दोन दिवसांनी घासून बदला म्हणजे डास होणार नाहीत, डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडा लागतो.

एवढं झालं की मग तुमच्या भागात आपोआप काय काय उगवतं ते सांगा, त्यातूनच झाडं निवडू.