ड्रायव्हर साइडचा गाल

"मॅडम, बाबांना लकवा तर नाही ना?" मुलीनं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. तिच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि घरात घबराट उडाली. फोटोत बाबा एका बाजूनं पन्नाशीचे, दुसऱ्या बाजूनं सत्तरीचे. नातेवाइकांनी थेट कबुतराच्या रक्तापर्यंत उपाय सुचवून झाले होते. फिजिशियननी तपासून 'नसांचं काही दिसत नाही, स्किनवाल्यांना दाखवा' म्हणून नौपाड्यात माझ्याकडे पाठवलं.

मीही भुवया वर करायला लावल्या, डोळे गच्च मिटायला, गाल फुगवायला, दात दाखवायला. दोन्ही बाजू सारख्या चालत होत्या. चेहऱ्याची नस बसली तर त्या बाजूच्या कपाळावरच्या आठ्या उलट नाहीशा होतात. इथे उजवीकडे आठ्यांचं पीक आलेलं. मग भिंग घेतलं. उजव्या गालाची कातडी जाड, पिवळसर, तिच्यात खोल आडव्या-उभ्या चरा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी मोठमोठ्या ब्लॅकहेड्सची दाटी. डावा गाल मात्र चांगला नितळ, बिडी ओढणाऱ्या माणसाच्या मानानं तर फारच.

"काका, काम काय करता?"

"कंटेनरवर आहे. न्हावाशेवा ते भिवंडी."

तीसेक वर्षं स्टिअरिंगवर. कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास. तिथे ट्रॅफिकमध्ये अडकलं की तासन् तास उजव्या खिडकीतून ऊन तोंडावर. त्यांनी शर्टाची बाही वर केली, तर उजव्या हाताचीही तीच कथा.

"पण मी काच लावतो की हो," काका म्हणाले. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे, यूव्हीए आणि यूव्हीबी. ऊन चटका देतं ते मुख्यतः यूव्हीबी किरणांमुळे, आणि ते काचेत बरेचसे अडतात. म्हणून वाटतं, आपण सुटलो. यूव्हीए किरण आणखी खोल जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतून भरपूर आत येतात. समोरची काच दोन थरांची असते, ती त्यांना बऱ्यापैकी रोखते. बाजूची तशी नसते. हे किरण कातडीला घट्ट धरणारं कोलॅजन तोडतात, आणि तिला ताण देणाऱ्या इलॅस्टिनच्या तंतूंचा ताण गेलेल्या इलॅस्टिकसारखा नुसता गुंता उरतो. बिडीनंही कोलॅजन झिजतं, पण ती काही एकाच गालाला धरून बसत नाही. काकांचं खरं वय डाव्या गालावर होतं. उजव्यावर दिसत होतं ते बरंचसं ऊन.

2012 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो आला होता. वय 69, त्यातली 28 वर्षं ट्रकवर. तो मोबाइलवर दाखवला. काकांनी फोटो जवळ नेऊन पाहिला. "ह्याचं तर डावं गेलंय!" तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं म्हटल्यावर मात्र एकदम पटलं. माझ्या यूव्हीए-यूव्हीबीनं जे झालं नव्हतं, ते स्टिअरिंगनं झालं.

मुलीला घाई होती, लग्न तोंडावर आलेलं. "बोटॉक्स मारून टाकायचं का?" बोटॉक्स स्नायूला सैल करतं. कपाळावरच्या, भुवयांमधल्या, हसताना पडणाऱ्या रेघांना ते चालतं, तेही तीन-चार महिने. इथला बिघाड कातडीतच होता. शिवाय एकाच बाजूला टोचलं असतं, तर नसलेला लकवा मीच आणला असता. लेझरचं विचाराल, तर आपल्या सावळ्या कातडीला त्यानं काळे डाग पडू शकतात, आणि हा माणूस पुन्हा त्याच उन्हात गाडीवर. ते पैसे लग्नात खर्च करा, असं मी स्पष्ट सांगितलं.

कॅन्सरच्या आधीचे खरखरीत चट्टे कुठे नाहीत ना, हे बारकाईनं पाहून घेतलं; नव्हते. ब्लॅकहेड्स तिथेच काढले. कापसावरचा तो ढीग बघून काका इतके खूश झाले, की उपचार संपलाच असं त्यांना वाटलं. खरं औषध कंटाळवाणं असतं: रात्री वाटाण्याएवढं ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम, आणि दिवसा यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही रोखणारं सनस्क्रीन, चेहरा-मानेला मिळून दोन बोटं भरून, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. "हे बायकांचं लावणं," काका पुटपुटले. मुलीनं डोळे वटारले. काचेला काळी फिल्म लावू का, म्हणाले. 2012 पासून सुप्रीम कोर्टाची त्यावर बंदी आहे, तेव्हा पूर्ण बाही आणि गमछा.

ट्रेटिनॉइननं सुरुवातीला कातडी लाल होते, सोलपटं निघतात. हे सांगूनही काकांनी ट्यूब बंद केली आणि 'औषध गरम पडलं' म्हणून परत आले. एक दिवसाआड लावायला सांगितलं, तेव्हा सोसलं. लग्नापर्यंत फार फरक पडला नाही. तो दिसायला काही महिने लागले. चरा गेल्या नाहीत, उथळ झाल्या. बिडी कमी झाली म्हणतात. वास येतो अजून.

मागच्या खेपेला स्वतःहून म्हणाले, "मॅडम, आमचा क्लीनर डावीकडे बसतो. त्याचा डावा गाल जाणार मग?" त्याला सोबतच आणलं होतं. बाहेर बाकावर बसलेला, विशीतला पोरगा. सुरकुती एकही नाही, डावीकडे रंग जरासा रापलेला. त्याला नुसतं सनस्क्रीन सांगितलं. काकांनी खाली मेडिकलमध्ये जाऊन दोन ट्यूब घेतल्या, आणि दुसरीचे पैसे त्याच्या पगारातून कापणार म्हणाले.