पोकरच्या परवान्यासाठी देश निवडताना

2022 च्या उत्तरार्धात आम्ही चार भागीदारांनी ऑनलाइन पोकरची एक छोटी कंपनी उभी करण्याचे ठरवले आणि परवान्याचे काम माझ्याकडे आले. बाकीचे तिघे सॉफ्टवेअर, हिशेब आणि ग्राहकसेवा पाहणार होते. परवाना म्हणजे अर्ज, शुल्क आणि प्रतीक्षा, एवढीच माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तो हाती पडेपर्यंत सोळा महिने लागले आणि त्यांपैकी पहिले पाच महिने अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे ठरवण्यातच गेले. त्या पाच महिन्यांविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण देश चुकला तर पुढची सगळी कागदपत्रे बिनचूक असूनही उपयोगाची ठरत नाहीत.

पोकरचा व्यवहार इतर जुगारापेक्षा वेगळा आहे. रूलेट किंवा स्लॉटमध्ये खेळाडू कंपनीविरुद्ध खेळतो आणि त्याचे हरणे हे कंपनीचे उत्पन्न असते. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कंपनी प्रत्येक डावातून थोडे कमिशन घेते, ज्याला या धंद्यात रेक म्हणतात. म्हणजे खात्यात दिसणाऱ्या रकमेतील फार मोठा भाग कधीच कंपनीचा नसतो. तो आपल्याकडे ठेव म्हणून आलेला परक्याचा पैसा असतो. हे मला पहिल्या दिवशी ठाऊक होते, पण देश निवडण्याशी त्याचा काही संबंध असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

सुरुवातीला एका मध्यस्थाने आम्हाला कुरासावचा पर्याय सुचवला. शुल्क कमी होते, कागदपत्रे मोजकीच होती आणि काही आठवड्यांत काम होईल असे आश्वासन होते. कुरासाव हा कॅरिबियन समुद्रातील, नेदरलँड्सच्या राज्यात मोडणारा स्वायत्त देश आहे. तेथे 1993 च्या कायद्यानुसार चार कंपन्यांना मुख्य परवाने मिळालेले होते आणि त्या कंपन्या आपल्या परवान्याखाली इतरांना उपपरवाने देत असत. आम्हाला मिळणार होता तो असा उपपरवाना, म्हणजे सरकारशी थेट नाते नसलेला, एका खासगी कंपनीने दुसऱ्या खासगी कंपनीला दिलेला कागद. आम्ही जवळजवळ होकार कळवला होता. त्याआधी केवळ खात्री करून घ्यावी म्हणून मी कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या एका बँकेला लिहिले की, असा परवाना असलेल्या पोकर कंपनीला तुम्ही खाते द्याल का. दोन दिवसांत नकार आला. दुसऱ्या बँकेने नकार दिला नाही, परंतु प्रत्येक भरण्यातील दहा टक्के रक्कम सहा महिने राखून ठेवण्याची अट घातली.

ही अट इतर खेळांत कदाचित सोसता येईल. पोकरमध्ये ती घातक आहे. एका खेळाडूने शंभर भरले आणि बँकेने त्यातले दहा अडकवून ठेवले, तरी टेबलावर त्याच्यासमोर शंभरच दिसायला हवेत आणि जिंकणाऱ्याने मागितल्यास ते शंभर त्याच दिवशी द्यायला हवेत. मधले दहा आपल्या खिशातून घालावे लागतात, आणि खेळाडू वाढतील तसा हा खड्डाही वाढत जातो.

त्या दिवसापासून मी कामाचा क्रम उलटा केला. आधी खेळाडू कोणत्या देशांतून येतील ते लिहायचे, मग त्या देशांचा कायदा पाहायचा, मग बँकेला कोणता परवाना चालतो ते विचारायचे आणि सर्वांत शेवटी परवाना देणाऱ्या देशांची शुल्के मांडायची. पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्याला मी हाच क्रम सुचवेन.

खेळाडूंच्या देशांचा तक्ता करताना अनेक नावे लगेच गळाली. ऑफशोअर, म्हणजे खेळाडूंच्या देशाबाहेरचा, परवाना मिळाला की कुठूनही खेळाडू घेता येतात हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. ब्रिटनने नोव्हेंबर 2014 पासून ब्रिटिश ग्राहकांना सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला, ती जगात कुठेही असली तरी, ब्रिटिश परवाना सक्तीचा केला. नेदरलँड्सचा स्वतंत्र परवाना 1 ऑक्टोबर 2021 पासून सुरू झाला. ऑस्ट्रेलियाच्या 2001 च्या कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनंतर बाहेरून पोकर पुरवण्याची वाट उरली नाही. अमेरिकेने 2006 साली बेकायदा ऑनलाइन जुगाराचे पैसे हाताळण्यावरच बंदी घातली. जर्मनीत 1 जुलै 2021 पासून परवाना मिळू शकतो, पण तेथे लावलेल्या रकमेवर 5.3 टक्के कर आहे; आमचे कमिशनच साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असल्याने हे गणित कोणत्याही बाजूने जुळेना. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने 4 एप्रिल 2022 रोजी आपली बाजारपेठ खुली केली, मात्र तेथील खेळाडूंना बाहेरच्यांबरोबर एका टेबलावर बसवता येत नव्हते, आणि नव्या कंपनीचे टेबल एका प्रांतातील खेळाडूंवर भरणे अवघडच. हा तक्ता आम्ही आजही दर तीन महिन्यांनी नव्याने तपासतो. ऑगस्ट 2025 मध्ये भारताने पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांना, परदेशातून पुरवलेल्या खेळांसह, बंदी करणारा कायदा केला, तेव्हा ते नावही बंद देशांच्या रकान्यात गेले.

उरलेल्या देशांना समोर ठेवून मी परवाना देणाऱ्या ठिकाणांकडे वळलो. कोस्टा रिकाचे नाव वारंवार कानावर येत असे, परंतु तेथे ऑनलाइन जुगाराचा परवाना म्हणून काही नाहीच. मिळते ती सामान्य व्यवसायाची नोंदणी. जिब्राल्टरची नियामक व्यवस्था भक्कम आहे, पण ग्राहकांना थेट खेळ पुरवणाऱ्या कंपनीसाठी वार्षिक शुल्क 1,00,000 पौंड होते आणि त्यांचा कल आधीच नाव कमावलेल्या कंपन्यांकडे असतो. शिवाय जून 2022 मध्ये काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने जिब्राल्टरला करड्या यादीत, म्हणजे काळ्या पैशावरचे नियंत्रण अपुरे मानलेल्या ठिकाणांच्या यादीत, टाकले होते. त्याच महिन्यात माल्टा त्या यादीतून बाहेर पडला. देश या यादीत गेला की तेथील कंपन्यांची बँका अधिक कसून चौकशी करतात, आणि आमच्यासारख्या नवख्या कंपनीला ती चौकशी पेलली नसती.

कॅनडातील मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या काह्नवाके प्रदेशातील जुगार आयोगाचा अभ्यास मी थोडा अधिक केला, कारण त्याचे नियम 1999 पासूनचे आहेत आणि पोकरच्या इतिहासातील एक मोठी फसवणूक त्याच्याच अखत्यारीत उघड झाली. आतल्या माणसांना इतर खेळाडूंचे झाकलेले पत्ते दिसत होते असे दोन कंपन्यांच्या बाबतीत सिद्ध झाले आणि 2008 साली आयोगाने एकीला 5 लाख, तर दुसरीला 15 लाख डॉलरचा दंड केला. हे प्रकरण वाचल्यावर आमच्या सॉफ्टवेअर पाहणाऱ्या भागीदाराने एक नियम घालून दिला आणि तो आजही पाळला जातो: कर्मचाऱ्याला चालू डावातील झाकलेले पत्ते दाखवणारी कोणतीही सोय प्रणालीत असणार नाही.

मात्र माझा निर्णय ज्या प्रकरणाने पक्का केला ते फुल टिल्ट पोकरचे. 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर कंपन्यांच्या चालकांवर आरोपपत्र दाखल केले. त्यांपैकी पोकरस्टार्सकडे ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन या बेटाचा परवाना होता. तेथील नियमांनुसार खेळाडूंचा पैसा कंपनीच्या पैशापासून सुरक्षित ठेवावा लागतो, आणि पोकरस्टार्सने अमेरिकी खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांतच परत करायला सुरुवात केली. फुल टिल्टकडे इंग्लिश खाडीतील अल्डर्नी या बेटाचा परवाना होता. अल्डर्नीच्या आयोगाने 29 जूनला तो स्थगित केला आणि सप्टेंबरमध्ये रद्द केला. त्या वेळी अमेरिकी सरकारने न्यायालयात मांडलेल्या आकड्यांनुसार, मार्चअखेर कंपनी खेळाडूंना सुमारे 39 कोटी डॉलर देणे लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत होते सुमारे 6 कोटी. अल्डर्नी हे काही कागदी ठिकाण नव्हते. जुगाराचा परवाना देणाऱ्या ठिकाणांच्या ब्रिटनच्या मान्यताप्राप्त यादीत ते होते आणि त्याच्या आयोगाला चांगले नाव होते. तरीही खेळाडूंचा पैसा वेगळ्या खात्यात असण्याची सक्ती नसल्यामुळे परवाना रद्द होण्याच्या दिवशी त्याच्या आधारावर खेळाडूला काहीही मिळू शकले नाही. हे आकडे मी भागीदारांसमोर ठेवले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्यापैकी एकाचे स्वतःचे पैसे त्या वेळी फुल टिल्टमध्ये अडकले होते आणि त्याने ते तोपर्यंत आम्हाला सांगितलेले नव्हते.

त्यामुळे आमच्यासमोर आइल ऑफ मॅन आणि माल्टा हे दोनच पर्याय राहिले. आइल ऑफ मॅनमध्ये उत्पन्नाच्या पहिल्या टप्प्यावर केवळ 1.5 टक्के कर आहे, पण तेथे राहणारे संचालक हवेत, आणि तशी विश्वासाची माणसे आमच्याकडे नव्हती. माल्टामध्ये 2018 च्या कायद्यानुसार खेळांचे चार प्रकार केले आहेत. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कंपनी कमिशन घेते तो तिसरा प्रकार. त्यासाठी भरणा झालेले किमान भागभांडवल 40,000 युरो, अर्जाचे शुल्क 5,000 युरो, निश्चित वार्षिक शुल्क 25,000 युरो, त्याखेरीज उत्पन्नावर आधारित अंशदान, आणि मुदत दहा वर्षांची. खेळाडूंचा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक. मी पाच बँकांना आणि पेमेंट संस्थांना तोच जुना प्रश्न माल्टाचे नाव घालून पुन्हा पाठवला. तिघांनी पुढे बोलण्याची तयारी दाखवली. देश ठरला तो त्या तीन पत्रांमुळे.

अर्जातील सर्वांत कठीण भाग तांत्रिक असेल असे आम्हाला वाटले होते. तो कठीण निघाला माणसांच्या बाबतीत. प्रत्येक भागीदाराला वैयक्तिक माहितीचा सविस्तर तक्ता, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि गुंतवलेला पैसा कुठून आला याचा पुरावा द्यावा लागला. आमच्या हिशेब पाहणाऱ्या भागीदाराच्या वाट्यातील काही रक्कम त्याच्या थोरल्या भावाने दिलेल्या हातउसन्या पैशांची होती. घरातला व्यवहार असल्यामुळे कागद झालेला नव्हता. नियामकाने भावाच्या खात्याचे उतारे मागितले, नंतर त्याच्या उत्पन्नाचे पुरावे, आणि अखेर हे कर्ज आहे की भांडवलात छुपा हिस्सा आहे, असा थेट प्रश्न विचारला. भावाने सर्व कागद निमूटपणे दिले, पण या एका रकमेने आमचे सात आठवडे घेतले. हा प्रश्न मला मुळीच अन्यायाचा वाटला नाही. जुगाराच्या कंपनीमागे नक्की कोण उभे आहे हे विचारणार नसेल तर नियामक हवा कशाला?

अर्ज विचाराधीन असताना, जून 2023 मध्ये, माल्टाने आपल्या कायद्यात 56 अ हे कलम घातले. माल्टाच्या परवान्याखाली कायदेशीर असलेल्या सेवेबद्दल परदेशी न्यायालयांनी दिलेले निकाल माल्टाच्या न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा त्याचा आशय आहे. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील न्यायालये खेळाडूंना हरलेले पैसे परत करण्याचे आदेश देत होती, ही त्यामागची पार्श्वभूमी. काही सल्लागारांनी ही आमच्यासाठी आनंदाची बातमी असल्याचे सांगितले. मी त्या कलमाचा आधार धरून एकही देश तक्त्यात परत घेतला नाही, आणि जून 2025 मध्ये युरोपीय आयोगाने त्याच कलमावरून माल्टाविरुद्ध कारवाईची प्रक्रिया सुरू केली तेव्हा आम्हाला काहीही बदलावे लागले नाही.

तत्त्वतः मंजुरी मिळाल्यावर प्रणाली प्रत्यक्ष सर्व्हरवर बसवून बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घेण्यासाठी साठ दिवस असतात. पत्ते पिसणाऱ्या यादृच्छिक संख्यांच्या प्रणालीचे प्रमाणपत्र आम्ही आधीच प्रयोगशाळेकडून घेतले होते, म्हणून तो भाग सुरळीत पार पडला. खेळाडूने भरलेल्या रकमांची बेरीज 2,000 युरोपर्यंत गेली की त्याची सखोल ओळखतपासणी सुरू व्हावी लागते. आमची प्रणाली प्रत्येक भरणा सुटा मोजत होती, बेरीज करत नव्हती. ही चूक लेखापरीक्षकाने पकडली आणि ती दुरुस्त करताना साठापैकी पंधरा दिवस संपले.

परवाना आला तरी खेळ सुरू झाला नाही. ज्या तीन संस्थांनी तयारी दाखवली होती त्यांपैकी एकीने धोरण बदलले आणि दुसरीने चार महिने उत्तरच दिले नाही. तिसरीने दोन स्वतंत्र खाती दिली, एक कंपनीचे आणि एक खेळाडूंचे. आता रोज रात्री टेबलांवरील व खात्यांतील सर्व शिलकांची बेरीज दुसऱ्या खात्यातील रकमेशी ताडली जाते. सुरुवातीच्या महिन्यात एका रात्री 212 युरोंची तूट आली, कारण एका भरण्यावरील बँकेचे शुल्क चुकून त्या खात्यातून कापले गेले होते. ती तूट आम्ही सकाळची टेबले उघडण्यापूर्वी कंपनीच्या खात्यातून भरून काढली. फुल टिल्टमध्ये ज्याचे पैसे अडकले होते तो भागीदार तेव्हापासून ही रात्रीची ताडणी स्वतः करतो आणि रजेवर जाताना ती माझ्याकडे सोपवून जातो.