तिसरा गोळा

"फुंकायचं न्हाई ओ, आत ओढायचं!" आईनं स्वतःच खोल श्वास घेऊन बाबांना दाखवला.

बायपासनंतरचा आज बारावा दिवस. श्वासाच्या व्यायामाच्या त्या यंत्रात तीन गोळे आहेत: ६००, ९००, १२००. सेकंदाला तेवढे मिली हवा आत ओढली की तो तो गोळा वर जातो. आज तिसरा हलला! आईचे डोळे भरले.

ऑपरेशनआधी सरावही तिनंच करून घेतला होता. रोज अंबाबाईला हात जोडून झाले की गोळे. आता बाबांना खोकला आला की त्यांच्या छातीशी उशी धरते. ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात.

दुपारी म्हटलं, "आई, जरा पड की."

"त्यांचा श्वास मोजताना माझा घ्यायचाच राहतोय बघ."

तेव्हापासून काही सुचत नाहीये. बाबांना रंकाळ्यावर फिरायला कोण नेणार, याची यादी झालीय. आईला कोण नेणार?