दोन सुतांवर एकच लॉट नंबर

मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा सकाळी फोन आला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. "चार वाजता बाहेरच्या पार्टीला व्हिडिओवर माल दाखवायचाय, आणि सॅम्पल रूममध्ये नेटच नाही. लगेच या."

साडेअकराला पोचलो. वर तापलेले पत्रे, आत मागांचा खडखडाट. सॅम्पल रूम शेडच्या टोकाला. तिथल्या कॉम्प्युटरला वायफाय नाही, म्हणून अण्णांनी आपला ट्रॅव्हल राउटर तिथे लावला होता. ऑफिसचं वायफाय पकडायचं आणि केबलनं कॉम्प्युटरला द्यायचं, म्हणजे रिपीटर मोड. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. प्रदर्शनाला जाताना अण्णा ती बॅगेतच ठेवतात.

"दिल्लीच्या हॉटेलात चालतो, मुंबईत चालतो. माझ्याच कारखान्यात का चालत नाही?"

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मधल्या भिंती आणि मशिनरीमुळे सिग्नल मरतो, मोठं महागडं यंत्र घ्या. खरं सांगायचं तर मलाही आधी तेच वाटलं. पण सिग्नल उणे ५८ डीबीएम दिसत होता, तो चांगलाच म्हणायचा. पासवर्ड पुन्हा टाकला, वायफाय ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरून २.४ वर आणलं, ॲडॉप्टर बदलून पाहिला. दर वेळी राउटर म्हणायचा, 'कनेक्टेड'. आणि एकही पान उघडायचं नाही. शेवटी डबी आणि लॅपटॉप उचलून ऑफिसात नेले, मुख्य राउटरच्या शेजारी ठेवले. हातभर अंतर, तरी तेच. म्हणजे भिंतींचा काही दोष नव्हता.

मग डबी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडली. क्षणात नेट सुरू. ऑफिसच्या वायफायवर मोबाइल जोडला, तोही चालला. दोघंही धडधाकट, फक्त एकमेकांशी जमत नव्हतं. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. डबी परत ऑफिसच्या वायफायला जोडली आणि तिला मिळालेले आकडे वाचले. नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.८.१३७, गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.८.१. आणि डबीचा स्वतःचा पत्ता? तोही १९२.१६८.८.१.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत, १९९६ पासून तसा लिखित नियमच आहे. कुणालाही विचारायची गरज नाही, म्हणूनच दोन कंपन्यांच्या यंत्रांवर तोच पत्ता निघू शकतो. दोन वर्षांपूर्वी रस्ता खोदताना केबल तुटली तेव्हा ऑफिसात सिमकार्डवर चालणारा राउटर बसवला होता. त्याचा पत्ता कंपनीतूनच १९२.१६८.८.१, थोडक्यात ८.१, होता. आता कॉम्प्युटरनं बाहेरचं काही मागितलं की डबी ते ८.१ कडे पाठवायला जायची, आणि ८.१ तर ती स्वतःच. मागणी घराबाहेर पडतच नव्हती. काही नवे राउटर असा घोळ ओळखून आपणहून पत्ता बदलतात. हा जुना होता.

अण्णांना कसं सांगावं याचा विचार करत होतो. टेबलावर सुताचे कोन होते, प्रत्येकावर लॉटची चिठ्ठी. म्हटलं, "अण्णा, डाइंगमधून दोन वेगळे लॉट आले आणि दोन्हींवर एकच नंबर असला तर?"

त्यांनी हातातला कोन खाली ठेवला. "अख्खा ताणा वाया. रंगात शेड मारतो." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे नंबर बदलायचा."

तेवढंच काम. डबीचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला, ती सॅम्पल रूममध्ये नेऊन लावली. कॉम्प्युटर जुनाच पत्ता धरून बसला होता, केबल काढून परत घातली आणि नेट आलं. पण प्रिंटर रुसला. त्याला कुणीतरी हातानं ८.५० असा पत्ता देऊन ठेवला होता. तो सापडून बदलेपर्यंत तीन वाजून गेले. अण्णांच्या घरून आलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.

चारला कॉल लागला. सॅम्पल बघणाऱ्या ताईंनी टॉवेल कॅमेऱ्यासमोर धरला. समोरच्यानं काठ दाखवायला सांगितला, तसा त्यांनी तो दुमडून इतका जवळ नेला की शिवणीचा टाका न् टाका दिसत होता. चित्र एकदाही अडकलं नाही. मी दाराशी उभा राहून पूर्ण कॉल पाहिला, माझं तिथलं काम संपलं होतं तरी.

निघताना मुनीमजींनी नवा नंबर विचारला. लॉटची एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर १९२.१६८.५०.१ लिहिलं आणि डबीच्या पोटाला चिकटवली.