हलतंय म्हणून समजतंय असं नाही

गणिताचं ॲनिमेशन म्हटलं की लोकांना उडत येणारी अक्षरं, गरगरणारे आकडे आणि मागं म्युझिक एवढंच आठवतं. मी सांगलीत क्लासच्या पोरांसाठी छोट्या क्लिप बनवतो, बहुतेक मॅनिममध्ये. मॅनिम म्हणजे थ्री ब्लू वन ब्राउन ह्या यूट्यूब चॅनलवाल्या ग्रँट सँडरसनने स्वतःच्या व्हिडिओंसाठी लिहिलेली पायथॉनची लायब्ररी, फुकट आहे, पण ती सगळंच इतकं भारी हलवून दाखवते की हात आवरत नाही, आणि घोळ तिथंच होतो.

माझ्या मते एका वेळी एकच गोष्ट हलली पाहिजे, बाकी सगळं गप्प.

डेरिव्हेटिव्हचंच घ्या, म्हणजे एखादी गोष्ट त्या क्षणाला किती वेगानं बदलतेय ते. सांगलीकराला हे खरं तर शिकवायलाच नको, पुराच्या दिवसात इथं दोनच प्रश्न असतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर आणि तासाला किती वाढतंय. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे पोरांना पाठ. पण ४२ वर थांबलेल्या पाण्यापेक्षा ३८ वरनं भराभर चढणाऱ्या पाण्याचं टेन्शन जास्त, हे आमच्याकडची कुठलीही आजी सांगेल. मी तेवढंच ग्राफवर आणतो. आडवी वेळ, उभी पातळी, वक्रावर दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. एक ठिपका खिळलेला, दुसरा त्याच्याकडं सरकत येतो आणि रेघ कलत कलत टॅन्जंटच्या, म्हणजे खिळलेल्या ठिपक्यापाशी वक्राला नुसती टेकणाऱ्या रेघेच्या, जवळ जाते. अक्ष हलत नाहीत, झूम नाही, काही नाही. वेळेतला फरक निळा, पातळीतला केशरी, आणि खालच्या सूत्रात (पातळीतला फरक भागिले वेळेतला फरक) त्या त्या अक्षराला पण तोच रंग, मध्येच रंग बदलला की पोरगं बिचारं चित्र वेगळं आणि सूत्र वेगळं वाचत बसतं. ठिपके एकमेकांना टेकायच्या आधीच क्लिप थांबवतो, कारण टेकले तर शून्य भागिले शून्य, आणि ती शंका त्यांनीच काढावी असं मला वाटतं. (काढतात. मागच्या बाकावरनंच येते बहुतेक वेळा.)

आता दुसरी बाजू. ॲनिमेशन खोटं पण तेवढ्याच गोडीत सांगतं. १ व्यासाचं वर्तुळ घ्या, त्याच्याभोवती चौरस काढा, परिमिती ४. चौरसाचे कोपरे वर्तुळाला टेकतील असे काटकोनातच आत दुमडा, परत दुमडा, पायऱ्या बारीक होत होत वर्तुळाला चिकटतात, आणि परिमिती सगळ्या वेळी ४च. म्हणजे वर्तुळाचा परिघ ४, व्यास १, तर पाय (π) बरोबर ४? स्मूथ क्लिप बनवली की बघणारा मान डोलावतो, हीच तर भीती.

म्हणून ह्या क्लिपमध्ये मी कोपऱ्यात दोन आकडे चालू ठेवतो. क्षेत्रफळ १ वरनं गुमान ०.७८५ कडं उतरत जातं, म्हणजे वर्तुळाचं जे आहे तिकडंच, पण लांबी ४ वरनं हलायला तयार नाही. एक आकडा ऐकतो, दुसरा का ऐकत नाही, ह्याच्यावर पोरं लई भांडतात. इथं मात्र झूम पाहिजेच, कारण झूम केल्यावरच दिसतं की पायरी कितीही बारीक करा, ती आडवी नाहीतर उभीच जाते, मघाच्या रेघेसारखी कलत कधीच नाही.