कॅम्पर व्हॅनचे पॉप-टॉप छत: निवड आणि पक्का बंदोबस्त

पॉप-टॉप छत, म्हणजे मुक्कामी कापडी भिंतींसह वर उचलले जाणारे आणि प्रवासात मिटवून ठेवायचे व्हॅनचे छत, घ्यायचा विचार करणारा मनुष्य ते बहुधा उघडलेल्या अवस्थेतच पाहतो. आत उभे राहून डोके टेकते का याचा अंदाज घेतो, वरच्या पलंगावर आडवा होतो, कापडाचा रंग आणि खिडक्यांची जाळी निरखतो आणि तेवढ्यावर मत बनवतो. या पाहणीत गैर काहीच नाही. मात्र ज्या छताखाली आपण रात्री झोपणार, तेच छत दिवसा महामार्गावरच्या वाऱ्याला तोंड देत गाडीवर घट्ट बसून राहणार आहे, ही बाब त्या कौतुकात मागे पडते. म्हणून हे छत उघडे असताना हवे तेवढे मिरवून घ्यावे, पण पारख करायची ती मिटलेले असताना, असे माझे मत झाले आहे.

आधी वाऱ्याचा हिशोब मांडू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसमोर हवेचा गतिज दाब सुमारे ४६० पास्कल असतो, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो वजनाइतका. ताशी ५० किलोमीटरला हाच आकडा १२ किलोच्या आसपास येतो, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर गाडीच्या काट्यावर १०० असतानाही छताला जाणवणारा वेग १३० चा असतो आणि दाब ८० किलोच्या घरात जातो. हा सगळा दाब छताला वर उचलण्यात खर्च होत नाही हे खरे. नीट मिटलेल्या, गोलाईदार छतावर ओढ त्यातल्या काही अंशाचीच असते आणि ती पुढच्या कडेपाशी सर्वांत जास्त असते. पण पुढची कड बोटभर जरी उचलली गेली, तरी हवा खाली शिरते, आणि मग वरून ओढ व खालून रेटा अशी दोन्ही बलांची बेरीज छत अडकवून ठेवणाऱ्या कड्यांवर येते. त्यात पुढची खिडकी उघडी असेल तर आतला दाबही वाढतो. दोन-अडीच चौरस मीटरच्या छतावर हे गणित किती किलोंपर्यंत जाते, ते प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावे.

हा हिशोब डोक्यात ठेवला की बिजागरी कोणत्या बाजूला आहे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. बिजागरी पुढे असून छत मागच्या बाजूने उघडत असेल, तर वारा मिटलेल्या, बिजागरीने धरलेल्या कडेवर येतो. कडी सुटलीच तर छत हादरेल, खडखडेल, पण वारा त्याला थेट खालून पकडू शकत नाही. बिजागरी मागे असून छत पुढून उघडत असेल, तर सगळी भिस्त पुढच्या कड्यांवर असते. तरीही ही दुसरी रचना फार प्रचलित आहे आणि त्याला सबळ कारणे आहेत: चालकाच्या सीटांमागे, म्हणजे प्रत्यक्ष वावराच्या जागी, पूर्ण उंची मिळते आणि वरच्या पलंगावर उशाकडे मोकळी जागा राहते. फोक्सवॅगनने २००३ पासून स्वतःच्या कारखान्यात बांधायला घेतलेली कॅलिफोर्निया ही कॅम्पर व्हॅन याच पद्धतीची आहे. त्यापूर्वी ही रूपांतरे वेस्टफालिया ही जर्मन कंपनी करत असे. मोटारीच्या बॉनेटचीही हीच स्थिती आहे, ते पुढून उघडते, आणि म्हणूनच त्याला मुख्य कडीखेरीज दुसरा सुरक्षा-आकडा असतो. पुढून उघडणाऱ्या छताला असा स्वतंत्र दुसरा आधार नसेल, तर ते छत मी घेणार नाही, मग कापड कितीही देखणे असो.

बाजूला लांबीच्या दिशेने बिजागरी असलेले छतही असते. इंग्लंडमधील फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीच्या डॉर्मोबाइल गाड्यांमुळे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडासह, ते विसाव्या शतकाच्या मध्यात ओळखीचे झाले. जुन्या गाड्यांवर ते शोभते. आजच्या गाड्यांवर क्वचित दिसते. चौथा प्रकार कात्रीसारख्या सांध्यांवर सरळ वर उचलल्या जाणाऱ्या छताचा. त्यात सर्वत्र सारखी उंची मिळते, पण चारही बाजूंचे कापड वाऱ्याला उघडे पडते आणि सांध्यांची संख्या वाढते. शिवाय धरून ठेवणारी बिजागरी कोणत्याच कडेला नसल्याने चारही कोपरे कड्यांनीच बांधावे लागतात.

आता कड्यांविषयी. बाजारात प्रामुख्याने दोन तऱ्हा आढळतात. एक, दांडा ओढून मध्यबिंदूपलीकडे गेला की स्वतःच्याच ताणाने बसून राहणारी धातूची कडी. दुसरी, कापडी पट्टा आणि बक्कल. पट्टा पाहून अनेकांचा विश्वास बसत नाही, परंतु चांगल्या विणीचा पॉलिस्टर पट्टा काही कमी दमदार नसतो. नायलॉनचा पट्टा भिजला की लांबतो, त्यामुळे इथे पॉलिस्टरच हवा. पट्ट्याचे दुखणे ताकदीत नसून झिजेत असते: बक्कलच्या दात्यांखाली येणारा तोच तो वीतभर भाग आधी लवदार होतो, मग त्याच्या कडेचे धागे सुटू लागतात, आणि उन्हाने त्याचा रंग बाकी पट्ट्याहून फिका पडतो. बोटांनी तो भाग दुमडून पाहिला की कडकपणा लगेच जाणवतो. एवढे दिसले की पट्टा बदलावा. धागा तुटण्याची वाट पाहू नये. धातूच्या कडीबाबत मात्र एक गोष्ट आवर्जून पाहावी: हादऱ्याने दांडा उलटा फिरू नये म्हणून त्याला खिट्टी किंवा चाप आहे का. नसल्यास तो बसवून घ्यावा.

कडी लागली आहे हे चालकाला जागेवरून कळले पाहिजे, यावरही माझा कटाक्ष आहे. छत मिटले की तुटणारा आणि उघडले की जोडला जाणारा छोटा स्विच, इग्निशनला जोडलेला एक बझर आणि डॅशबोर्डवर लाल दिवा, एवढी ही व्यवस्था साधी आहे. हा स्विच छताच्या कडेवर न बसवता कडीच्या आकड्यावर बसवावा, कारण छत नुसते खाली टेकलेले असणे आणि कडीत अडकलेले असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि धोका नेमका पहिल्या अवस्थेत आहे.

कडी कितीही भक्कम असली तरी ती ज्याला धरते ते कच्चे असेल तर उपयोग शून्य. व्हॅनच्या छताचा पत्रा पातळ असतो. त्याला ताठपणा येतो तो खालून गेलेल्या आडव्या पट्ट्यांमुळे. पॉप-टॉपसाठी पत्र्यासोबत यांतल्या एक-दोन पट्ट्याही कापाव्या लागतात, आणि त्या क्षणी गाडीचा सांगाडा पिळवटण्याला करायचा विरोध बराचसा गमावतो. तो परत मिळवून देणारी पोलादी चौकट हा या संपूर्ण कामाचा गाभा आहे. विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ही चौकट नेमक्या आपल्याच मॉडेलसाठी, आपल्याच लांबीच्या गाडीसाठी घडवलेली आहे का, आणि छत कापलेल्या अवस्थेत त्या गाडीची चाचणी झाली आहे का? युरोपात सीटबेल्टचे आधारबिंदू संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १४ नुसार प्रत्यक्ष ओढून तपासले जातात. काही गाड्यांत खांद्याकडचा आधार वरच्या खांबावर असतो, त्यामुळे छताच्या कडेशी केलेली छेडछाड थेट त्या आधारापर्यंत पोचू शकते. बाजूच्या पडदा-एअरबॅगा तर छताच्या कडेच्या आतच दडवलेल्या असतात. बॅटरी सोडवून, निर्मात्याच्या नकाशावर त्यांची जागा पाहिल्याशिवाय तेथे ड्रिल लावू नये.

टक्कर झाल्यास काय, हाही विचार इथेच करायला हवा. पन्नास किलोचे छत वीस जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, इतक्या मंदनात हजार किलोंच्या बलाने पुढे सरकू पाहते. म्हणजे बिजागऱ्या आणि कड्या केवळ वर उचलणाऱ्या बलाला नव्हे, तर पुढे ढकलणाऱ्या बलालाही पुरून उरल्या पाहिजेत. नुसत्या फायबरच्या कवचात पिळलेला स्क्रू तेथे टिकत नाही. आरपार बोल्ट, आतून रुंद पोलादी पट्टी आणि न सुटणारा नायलॉनचा नट, हीच रीत योग्य. पातळ पत्र्यात रिव्हेटसारखे दाबून बसवलेले रिव्हेट-नट दिवा किंवा पडदा लावायला ठीक आहेत. छताची कडी त्यांच्यावर सोपवू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेसचा बोल्ट घालताना मधे नायलॉनचे वॉशर किंवा गंजरोधक पेस्ट असावी, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झिजत जाते. बोल्ट आवळून झाल्यावर नट आणि पट्टी यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढावी. पुढे केव्हाही ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे पाना न लावता कळते.

कापण्याच्या कामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ज्याला हे काम येते त्याला माझ्या सांगण्याची गरज नाही आणि ज्याला येत नाही त्याने ते अनुभवी माणसाकडेच द्यावे. कर्ण मोजून चौकोन काटकोनात आहे याची खात्री करावी. कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातूनच पुढे भेग पसरते. कापलेली प्रत्येक धार कानशीने साफ करून तिला गंजरोधक प्रायमर द्यावा. लोखंडाचा कीस ब्रशने झटकून समाधान मानू नये, तो व्हॅक्यूमने ओढून काढावा; रंगावर राहिलेला कण एका ओल्या रात्रीत तांबूस ठिपका होऊन बसतो. चौकट चिकटवण्यासाठी जे पॉलियुरेथेन वापरतात ते हवेतील दमटपणावर, बाहेरून आत, दिवसाला तीन-चार मिलिमीटर या गतीने वाळते. रुंद थराला त्यामुळे बरेच दिवस लागतात. वरचा पापुद्रा हाताला कोरडा लागला म्हणून गाडी खडबडीत रस्त्यावर काढणे म्हणजे सांधा आतल्या आत फाडणे होय. हा थर अगदी पातळही नसावा. दोन-तीन मिलिमीटरची जाडी राहिली तरच तो पत्रा आणि फायबर यांच्या वेगवेगळ्या प्रसरणाला लवचिकपणे साथ देतो.

गॅस स्ट्रट, म्हणजे छत उचलायला मदत करणारे दाबलेल्या वायूचे नळकांडे, हा दिसायला किरकोळ भाग आहे, पण छताचा स्वभाव तोच ठरवतो. आतील वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, दर तीन अंशाला साधारण एक टक्का. वीस अंशांवर सहज उचलले जाणारे छत शून्य अंशाला सुमारे सात टक्के कमी बलावर चालते आणि हाताला जड लागते. कडक उन्हात मात्र तेच छत कडी सोडताच उसळते. छतावर सौर पॅनेल लावायचे असल्यास ते आधीच ठरवून त्या वजनाचे स्ट्रट मागावेत. नंतर पॅनेल चढवले की छत अर्ध्यावर रेंगाळते आणि रात्री हळूहळू खाली येऊ पाहते. जोरकस स्ट्रट घातले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही, कारण मिटलेल्या अवस्थेत तेच बल कड्यांना सतत वर रेटत असते. मिटलेल्या स्थितीत स्ट्रटचा दांडा खालच्या बाजूस राहील असे बसवल्यास आतील तेल सीलवर टिकते आणि स्ट्रट जास्त काळ चालतात.

मिटवण्याचीही एक पद्धत आहे. छत खाली ओढण्यापूर्वी एखादे दार किंवा खिडकी उघडी ठेवावी. आतली हवा कोंडली की कापड बाहेर फुगते, चौकटीबाहेर लोंबते आणि रबरी सीलखाली सापडते. सापडलेला कापडाचा एक चिमूटभर पदर वातीसारखा पाणी आत ओढतो, शिवाय त्या जागी सील दबून कायमची चपटी होते. छत उतरत असताना आत उभे राहून कापड चारही बाजूंनी आत घ्यावे, आणि कड्या लावल्यानंतर बाहेरून एक फेरी मारून पूर्ण कडेवर नजर टाकावी. सील सगळीकडे सारखी दबते का, हे पाहायला साध्या कागदाची पट्टी पुरते: ती कडेत ठेवून छत मिटवावे आणि ओढून पाहावी. सर्वत्र अडखळत निघाली पाहिजे. एखाद्या जागी अलगद सुटली तर तेथून पाणी आणि वाऱ्याची शीळ दोन्ही आत येणार. अशा वेळी कडी अधिक आवळून उपयोग होत नाही, बिजागरीखालची पातळ चकती कमी-जास्त करावी लागते.

पावसात मिटवलेले छत एक-दोन दिवसांत उघडून वाळवले नाही तर कापडाला बुरशी धरते, आणि तिचे काळे डाग सहसा जात नाहीत. मुक्कामी सोसाट्याचा वारा असेल तर गाडी अशी उभी करावी की बिजागरीची, म्हणजे ठेंगणी बाजू वाऱ्याकडे राहील. वादळाची चाहूल असल्यास मात्र छत मिटवून खालीच झोपावे.

उंचीचा विचार शेवटी करण्याची रीत आहे, परंतु तो खरेदीआधी व्हायला हवा. दोन मीटरची आडवी कमान असलेली वाहनतळे अनेक ठिकाणी असतात, आणि कॅलिफोर्नियाची उंची १.९९ मीटर ठेवण्यामागचा फायदा तेथे कळतो. आपल्या गाडीची मूळ उंची, छताने वाढणारे काही सेंटिमीटर आणि वरचे पॅनेल यांची बेरीज करून तो आकडा चालकासमोर चिकटवावा. वाढलेले वजन गाडीच्या परवानगी असलेल्या एकूण वजनात बसते का तेही पाहावे. हा बदल नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी यांना लेखी कळवून चौकटीचे प्रमाणपत्र गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. काम झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर धावून आल्यानंतर छत उघडून प्रत्येक बोल्टवरची रंगाची रेघ पुन्हा पाहावी, कारण नवे सांधे जे काही सैल व्हायचे ते बहुधा याच टप्प्यात होतात.